पकड कुठे गेली?

दिवाळीच्या साफसफाईत घरातून कचरा निघतो हे सगळेच सांगतात. पण त्याच साफसफाईत घराला थोडेफार उत्पन्नही होते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. माळा झाडला, ट्रंका सरकवल्या, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढले, की एकामागून एक हत्यारे प्रकट होऊ लागतात. शिवणाच्या यंत्राच्या खणातून पेचकस निघतो. कुंड्यांच्या मागून गंजलेली कानस निघते. गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाच्या सांगाड्याबरोबर कात्री आणि सुतळीचा गुंडा सापडतो. मोजदाद केली तर एखाद्या साध्या तीन खोल्यांच्या घरात चार पेचकस, तीन मोजपट्ट्या आणि दोन पकडी असल्याचे आढळून येते. आणि तरीही वर्षभर त्या घरात एकच प्रश्न घुमत असतो : ‘पकड कुठे गेली?’

मला या प्रश्नाचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. कारण घरात सगळ्याच वस्तू काही अशा हरवत नाहीत. सोन्याची बांगडी खिडकीच्या चौकटीवर ठेवून कोणी पाणी प्यायला जात नाही. दागिने आपण ठेवतो. हत्यारे आपल्या हातून कुठेतरी राहतात. ठेवणे आणि राहणे या दोन क्रियापदांत सगळे रहस्य आहे. आपल्या भाषेनेही या बाबतीत आपली मोठी सोय करून ठेवली आहे. ‘पकड हरवली’ एवढे म्हटले, की कर्त्याचे नाव घ्यावेच लागत नाही. जणू पकडीला पाय फुटले आणि ती आपण होऊन घराबाहेर पडली! ‘मी पकड हरवली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. पण ते कोणाच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

कोणी म्हणेल, यात एवढे काय आहे? विसरभोळेपणा हा माणसाचा स्वभावच आहे. मला हे पटत नाही. ज्यांची हत्यारे सापडत नाहीत, ती माणसे पुष्कळदा चांगल्या स्मरणशक्तीची असतात. पाढे, वाढदिवस, लोकांची देणीघेणी, सगळे त्यांना तोंडपाठ असते. त्यांचे दुःख विस्मरणाचे नसून उत्साहाचे असते. रविवारी सकाळी गृहस्थ सायकलचे चाक खोलून बसतात. पान्हा आणायला म्हणून आत गेले, की बायंडिंग करायला काढलेली जुनी मासिके दिसतात. खळ वाळायच्या आत दोन फर्मे शिवून टाकावेत म्हणून ते दाभण हातात घेतात, तोच गॅलरीतल्या मोगऱ्याची काठी कलंडलेली दिसते. तार तोडायला पकड लागते. पकड गॅलरीत जाते, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून नळ गळत असल्याची हाक येते. संध्याकाळी चार कामे चार ठिकाणी उघडी पडलेली असतात, आणि प्रत्येक हत्यार दुसऱ्याच कामाच्या मुक्कामाला गेलेले असते. पकड खाली टेकवली त्या क्षणी मन पकडीपाशी नव्हतेच; ते पुढच्या कामाकडे धावले होते. जे तिजोरीत कधी टाकलेच नाही ते तिजोरीतून निघणार कसे?

बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली याच्या जवळपासचा एक निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. पुरी झालेली कामे माणूस विसरतो, अर्धवट राहिलेली मात्र त्याच्या मनात अधिक रेंगाळतात, असे तिला प्रयोगांत आढळले. पुढच्या संशोधकांना दर वेळी तसाच अनुभव आला असे नाही. पण छंदी माणसाला तिचे म्हणणे खोटे वाटणार नाही. सायकल, मासिके, मोगरा, नळ ही चारही कामे त्याच्या मनात एकाच वेळी जागी असतात. त्या गर्दीत बिचाऱ्या पकडीला बसायला जागा कुठली?

यावर शहाणे लोक एक सोपा उपाय सांगतात : एक काम पुरे केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. या उपदेशाशी माझे भांडण आहे. मी स्वतः अनेक छंदांचा माणूस आहे, आणि ‘आरंभशूर’ हा आपल्या भाषेतला एक अन्यायकारक शब्द आहे असे माझे मत आहे. भर्तृहरीने माणसांचे तीन वर्ग केले आहेत. विघ्नाच्या भीतीने सुरुवातच न करणारे, विघ्न येताच थांबणारे आणि विघ्ने आली तरी न सोडणारे. चौथा वर्ग त्याने केला नाही : कसलेही विघ्न आलेले नसताना, केवळ दुसरे काहीतरी अधिक सुंदर दिसले म्हणून पहिले काम बाजूला ठेवणारे. जगाचे पुष्कळसे वैभव या चौथ्या वर्गाने निर्माण केले आहे. लिओनार्दो दा व्हिंची याच वर्गातला. चित्रकला, शरीरशास्त्र, यंत्रे, पाण्याचे प्रवाह, पक्ष्यांचे उड्डाण. कशात म्हणून त्याने हात घातला नाही? आणि त्यातले किती अपुरे राहिले!

पण याच लिओनार्दोच्या गोष्टीत एक बाजू अशी आहे, की ती सांगायची सहसा राहून जाते. १४८१ साली फ्लॉरेन्सजवळच्या एका मठातील भिक्षूंनी त्याच्याकडे वेदीसाठी एक मोठे चित्र सोपवले. त्याने ते सुरू केले आणि पुढे तो मिलानला निघून गेला. ते अपुरे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहालयात आहे, आणि लोक त्याच्यासमोर मुग्ध होऊन उभे राहतात. मठाची वेदी मात्र पंधरा वर्षे वाट पाहत राहिली. शेवटी फिलिप्पिनो लिप्पी या दुसऱ्या चित्रकाराने १४९६ साली त्या विषयावरचे चित्र पुरे करून दिले. आपण लिओनार्दोचे कौतुक करतो ते योग्यच आहे. पण त्या भिक्षूंची आठवण ठेवणेही योग्य नाही का? एकाच्या ओसंडून जाणाऱ्या उत्साहाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते. आणि माझ्या मते नीतीचा प्रश्न उभा राहतो तो नेमका इथे.

घरातल्या पकडीची किंमत कोण मोजते, हे एकदा नीट पाहावे. प्रथम मोजते घरची गृहिणी. तिने न उघडलेल्या कामाचा पसारा तिला ओलांडावा लागतो, आणि शोधाशोधीत तिचीच कपाटे उचकली जातात. परंतु याहून मोठी किंमत पुढे आहे. ‘पकड कुठे गेली?’ हा प्रश्न दोन-तीनदा विचारून झाला, की त्याचे रूप हळूच बदलते. ‘कुठे गेली’चे ‘कोणी घेतली’ होते. शब्द थोडाच बदलला. पण पहिल्या प्रश्नात वस्तूचा शोध होता, दुसऱ्यात माणसाचा शोध आहे. आणि असा शोध सुरू झाला, की तो घरातल्या सर्वांत बलवान माणसाकडे कधीच जात नाही. तो जातो लहान मुलाकडे, धुणेभांडी करणाऱ्या बाईंकडे, नाहीतर काल येऊन गेलेल्या गवंड्याच्या पोऱ्याकडे.

मला माहीत असलेल्या एका घरातली गोष्ट सांगतो. तिथे वरकामाला एक मुलगा येत असे. सोळा-सतरा वर्षांचा, हसतमुख. एकदा घरातला चांगल्यापैकी रंधा दिसेनासा झाला. त्या मुलाला कोणी चोर म्हटले नाही. त्याला फक्त दोनदा विचारले, आणि तिसऱ्यांदा त्याच्या देखत त्याची पिशवी उचलून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पुढे काही महिन्यांनी रंधा माळ्यावर सापडला. अर्धवट राहिलेल्या एका स्टुलाच्या फळ्यांत तो शांतपणे पडून होता. घरची माणसे वाईट नव्हती. त्यांनी त्या मुलाचा पत्ता काढायचा प्रयत्न केला. पण तो कुठे गेला होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. हरवलेले हत्यार दिवाळीच्या साफसफाईत परत मिळते. उडालेला विश्वास कुठल्या कपाटामागे शोधायचा?

म्हणूनच जिथे दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो, तिथे माणसाने हत्यारांचा हिशेब आठवणीवर सोडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची काढली, तिच्या शेवटच्या भागात रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी हत्यारे, सुया आणि कापसाच्या घड्या मोजल्या का, हे मोठ्याने विचारायचे असते. विमानाच्या दुरुस्तीतही पुष्कळ ठिकाणी फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. हत्यार परतले नाही की त्याची रिकामी आकृतीच बोलू लागते. एवढी दक्षता घेऊनही माणूस चुकतो. १८ नोव्हेंबर २००८ रोजी अंतराळस्थानकाबाहेर काम करताना हाइडमरी स्टेफनिशिन-पायपर या अंतराळवीर बाईंची हत्यारांची पिशवी हातून निसटली. का निसटली? तर पिशवीतल्या एका उपकरणातले वंगण गळले होते आणि त्या ते पुसत होत्या. पृथ्वीपासून साडेतीनशे किलोमीटर उंचीवरही कारण तेच : एका कामात दुसरे काम उपटले. उरलेले काम त्यांनी सोबत्याची हत्यारे वाटून घेऊन पार पाडले. त्यांनी कोणाची पिशवी तपासली नाही. अंतराळात संशय घ्यायला तिसरे कोणी नसते, हा केवढा फायदा!

आपल्याकडे हा विचार नवा नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. सुतार करवत-रंधा मांडतो, शेतकरी विळा-कोयता मांडतो, घरात सुरी-कात्री मांडली जाते. या पूजेतला एक व्यावहारिक लाभ मला फार मोलाचा वाटतो : पूजेला मांडायचे म्हणून वर्षातून एक दिवस तरी हत्यारे एका जागी येतात. दसऱ्याला आपण शमीची आठवण ठेवतो, तिच्यामागची कथाही हीच आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवर ठेवली. नकुलाने पावसाचे पाणी लागणार नाही अशी जागा पाहून ती घट्ट बांधली. वर्षाने अर्जुनाने उत्तराला झाडावर चढवले, तेव्हा गांडीव जिथल्या तिथे होते. पांडवांचे युद्ध तेव्हा व्हायचे होते. त्यांचे काम पुरे झालेले नव्हते. पण ते त्यांनी उघडे टाकले नव्हते.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच. अपुरे काम आणि उघडे काम यांत फरक आहे. अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्याचे काम दीड हजार वर्षे अपुरे आहे. त्याच्या भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. छिन्नी मात्र कारागीर बरोबर घेऊन गेले असावेत. काम अपुरे ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आयुष्य लहान आहे, आवडी पुष्कळ आहेत, आणि ज्याची एकही वस्तू अर्धवट नाही अशा माणसाची मला थोडी भीतीच वाटते. सायकल चार रविवार खोललेली राहू द्या, मासिकांना कव्हर पुढच्या वर्षी चढू द्या. पण काम सोडून उठताना पकड तिच्या खिळ्यावर गेली पाहिजे. हत्याराची ठरलेली जागा म्हणजे पुढच्या हाताला दिलेला शब्द असतो, आणि तो हात पुष्कळदा आपला नसतो.

आणि इतके करूनही एखादे दिवशी पकड खिळ्यावर नसलीच, तर निदान प्रश्न नीट विचारावा. ‘कोणी घेतली?’ असे न विचारता ‘मी कुठे ठेवली?’ असे विचारावे. या वाक्यात कर्ता असतो, आणि तो जवळच उभा असल्यामुळे त्याची चौकशी करणे सर्वांत सोपे जाते.