हलका हात

प्लॅस्टिकच्या रेझरने दाढी करताना हात आपोआप दाबला जातो. दांडा इतका हलका की जोर दिल्याशिवाय काही होतंय असं वाटतच नाही. धार मंदावली की आपण आणखी दाबतो. वडिलांच्या पिढीचा जड धातूचा, दुधारी पातं घालायचा रेझर हातात घेतला की पहिली अडचण हीच. इथे रेझरच्या वजनानेच काम व्हायचं असतं. पातं कातडीशी साधारण तीस अंशांत धरायचं आणि हात नुसता सोबतीला ठेवायचा. दाबलं की रक्त.

त्याआधीची तयारीही टळत नाही. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी पिऊन नरम पडतो. मग ब्रश, साबण, फेस. आधी केसांच्या दिशेने सरळ हात, आणि हवाच असेल तर पुन्हा फेस लावून उलटा. शेवटी तुरटी. सकाळची लोकल गाठायची असेल त्याने या भानगडीत पडू नये, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पैशांचा हिशेब मात्र जुन्या रेझरच्या बाजूचा आहे. दांडा एकदाच घ्यायचा, आणि साधं पातं कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळतं.

या रेझरला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, तेव्हा इतिहास गालातल्या गालात हसत असणार. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. बाटलीचं पत्र्याचं बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो काम करायचा. लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी काढ, असा सल्ला त्याला पेंटरनेच दिला होता. 1895 मध्ये जिलेटच्या डोक्यात पातळ, फेकायच्या पात्याची कल्पना आली. पण इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल असा कडकपणा द्यायचा कसा, हे कोडं सोडवायला विल्यम निकर्सन हा अभियंता भेटावा लागला. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले 51 रेझर आणि 168 पाती. दुसऱ्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांना हे संच दिले आणि लाखो तरुण स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन घरी परतले. गंमत अशी की याच जिलेटने 1894 मध्ये ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. स्पर्धा हेच सगळ्या दुःखांचं मूळ, सगळं उत्पादन समाजाच्या मालकीच्या एकाच कंपनीकडे असावं आणि लोकांनी नायगाराच्या विजेवर चालणाऱ्या एका प्रचंड नगरात राहावं, असं त्याचं स्वप्न होतं. नगर कागदावरच राहिलं.

म्हणजे आज आपण ज्याच्याकडे परततो, तो फेकण्याच्या गोष्टीचा पहिला अध्याय आहे. आधी धार फेकायची झाली. मग 1975 च्या सुमारास बिक कंपनीचा अख्खा फेकायचा रेझर आला आणि दांडाही त्याच वाटेने गेला.

त्याच्या मागे जायचं तर वस्तऱ्यापर्यंत जावं लागेल. नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, पथरी, चामड्याचा पट्टा, नराणी, चिमटा, आरसा असं सगळं असे. धार हातानेच लावायची, पट्ट्यावर फिरवून जागी ठेवायची. एक वस्तरा कैक वर्षं पुरे. संत सेना महाराजांनी आपल्या याच धंद्यातल्या साधनांमधून भक्ती सांगितली. पण त्या काळाबद्दल हळवं होताना जरा जपावं. ज्याच्या हाती गावाने निर्धास्त गळा दिला, त्याला वर्षाकाठी बलुत्याचं धान्य मिळे आणि पंगतीत जागा कडेलाच. आणि त्याच वस्तऱ्याने विधवा मुलींची डोकी भादरली जात. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी केशवपन करायला नकार दिला. वस्तऱ्याच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो, आणि त्यात वस्तरा उचललाच गेला नाही.

आज कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलात तर वस्तरा दिसेल, पण त्याची धार त्याची स्वतःची नसते. कारागीर तुमच्यासमोर नवं पातं कागदातून काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीने हा बदल रुजला, आणि तो योग्यच आहे. तिथे मी फेकण्याच्या बाजूने आहे. एका गालावरचं रक्त दुसऱ्या गालावर जाण्यापेक्षा अर्धं पातं गेलेलं बरं. घरात गाल एकच असतो, त्यामुळे हा युक्तिवाद प्लॅस्टिकच्या रेझरला लागू पडत नाही.

तरी पातं जातंच. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, मग ते केसापुढे हार का मानतं? धार हळूहळू झिजून गोल होते, असं मलाही वाटायचं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये वेगळंच चित्र मांडलं. त्यांच्यातल्या एकाने फेकायच्या रेझरने स्वतःची दाढी करून पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. केस वाकून तिरपा आला आणि धारेवर जिथे पोलादाची घडण एकसारखी नाही अशा जागी लागला, तर एकटा केसही टवका काढू शकतो. इतक्या नाजूक गोष्टीवर आपण रोज सकाळी अंगठ्याचा भार टाकत असतो.

बोथट पात्याचं पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवला. अमेरिकेत न्हाणीघरातल्या कपाटाला मागे एक फट ठेवत; पातं त्यातून भिंतीच्या पोकळीत पडे. भिंत फोडणाऱ्याने बघून घ्यावं! आपल्याकडे त्याने पेन्सिली तासल्या गेल्या, शिवणी उसवल्या गेल्या, आणि मग ते उकिरड्यावर गेलं. पुण्या-मुंबईत आजही कचरा बायकांच्या हातांनीच निवडला जातो, तेव्हा सुटं पातं टाकणं हा निव्वळ बेपर्वाईचा कारभार. मी पत्र्याच्या डबीला चीर पाडून त्यात पाती टाकतो. भरली की चीर ठोकून बंद करायची आणि आत काय आहे ते सांगून भंगारवाल्याच्या हाती द्यायची. डबी आणि पाती, सगळं एकाच ढिगात जातं. प्लॅस्टिकच्या रेझरला ही सोय नाही. पातं त्याच्या डोक्यात पक्कं रुतलेलं, त्यामुळे लोखंडवाला त्याला हात लावत नाही आणि प्लॅस्टिकवालाही नाही.