तांबडं आणि काळं

जुनी लोखंडी विळी माळ्यावरून खाली काढली की पात्यावर दोन रंग दिसतात. एक तांबडा, बोट फिरवलं की भुकटी लागणारा. दुसरा काळसर करडा, पात्याला घट्ट धरून बसलेला. बरेच जण दोन्हींना गंजच समजतात आणि पात्याचा आरसा होईपर्यंत घासत सुटतात. मला हे पटत नाही. तांबडा गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात जातो. तो गेलाच पाहिजे. काळी झाक मात्र वर्षानुवर्षं कांदा, चिंच, लिंबू चिरून चढलेली असते आणि ती गंजाला थोडाफार अटकाव करते. नुकत्याच लखलखीत केलेल्या लोखंडी पात्यावर कैरी चिरून पाहा, फोडींच्या कडा काळ्या पडतात. मुरलेल्या पात्यावर तेवढ्या पडत नाहीत.

तेव्हा घासायचा कागद हातात घेण्याआधी कुठे थांबायचं ते ठरवावं. नट सोडवून पातं पाटापासून निघत असेल तर काढून घ्यावं आणि धारेवर जाड चिकटपट्टी लावावी. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. त्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. आकडा मोठा, तितका कण बारीक. गंजाने खळगे पाडले असतील तर २२० पासून सुरुवात करावी, नाहीतर ४००. पुढे ८००, हवं तर १२००. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, पाण्यात भिजवावा आणि पातं फळीवर सपाट ठेवून घासावं.

खरं काम यानंतरचं. ४०० चा कागद पात्याच्या लांबीने फिरवला असेल, तर ८०० चा आडवा फिरवावा. मग पातं पुसून खिडकीशी तिरपं धरावं. आडव्या बारीक रेघांच्या जाळीतून मागची एखादी लांब रेघ डोकावतेच. तिच्यावर १२०० चा कागद कितीही फिरवला तरी ती हटत नाही. उलट भोवतालचं पोलाद चमकू लागतं आणि ती अधिकच उठून दिसते. मुकाट्याने मागच्या आकड्यावर जावं लागतं. ज्याला हे परत जाणं जमतं त्याच्याच हातून पातं साफ होतं.

आणि एकदा कागद भिजवायच्या पाण्याकडे पाहावं. ते करडं झालेलं असतं, तळाशी मऊ गाळ बसलेला असतो. सुरुवातीला त्यात गंज असतो. नंतर उतरतं ते पात्याचं पोलाद. उजळण्यात वरून काही चढत नाही, आतलंच थोडंथोडं जातं. चकाकीची किंमत पातं भरतं, म्हणून ती बेताने मागावी असं मला मनापासून वाटतं.

ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर हेच काम चटकन होतं, पण घरच्या विळीला तो मार्ग नको. दाबून धरलेल्या पात्याची पातळ कड बघता बघता तापते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाचा कडकपणा उतरायला लागतो, ३०० च्या आसपास निळी झाक येते. लोहाराने दिलेलं पाणी तिथे गेलं, आणि ते स्वयंपाकघरात परत देता येत नाही. अशी धार लावली तरी टिकत नाही. ओल्या कागदाने हातानं घासताना पातं कोमटसुद्धा होत नाही. वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं पुजतो. यंदा पूजेच्या आधी विळी, कोयता, जुनी सुरी खाली काढा. तांबडं सगळं घालवा, काळं राहू द्या. धुतल्यावर पातं ओलं ठेवू नका. फडक्याने कोरडं करा, खोबरेल तेलाचा एक हात द्या, आणि परत माळ्यावर न टाकता रोजच्या चिरण्याला घ्या.