तिकीट कोणाच्या हाती

1983 च्या ऑक्टोबरात लॉकहीड या विमान कंपनीच्या लाचप्रकरणी जपानचे माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरातल्या निवडणुकीत त्यांच्या निगाताच्या मतदारांनी त्यांच्या पारड्यात दोन लाख वीस हजारांहून अधिक मतं टाकली. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येतं; मला त्यात चोख हिशेब दिसतो. त्या बर्फाळ मुलखात रस्ते, बोगदे आणि शिंकानसेन रेल्वे आणणारा माणूस लोक कशाला सोडतील?

निवडणूक पद्धतही तशीच होती. एका मतदारसंघातून बहुधा तीन ते पाच खासदार, पण मत एकच. बहुमतासाठी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला एकाच ठिकाणी दोन-तीन उमेदवार द्यावे लागत. जाहीरनामा सगळ्यांचा एकच, मग एकमेकांवर कुरघोडी करायची कशाच्या जोरावर? पूल, लग्नातला आहेर, मयताला हजेरी. त्यासाठी प्रत्येकाची ‘कोएनकाइ’, म्हणजे स्वतःची समर्थकांची फळी. तिला पोसायला पैसा, आणि पैशासाठी पक्षातला एखादा गट.

1994 मध्ये होसोकावा सरकारने 300 एकसदस्य मतदारसंघ आणि प्रमाणशीर पद्धतीच्या 200 जागा आणल्या. आता धोरणांची लढाई होईल, अशी आशा होती. प्रत्यक्षात आधी बदललं ते तिकिटाचं वजन: आता एका जागेला पक्षाचा उमेदवार एकच. पक्षाच्या सोमुकाइ या निर्णय घेणाऱ्या मंडळात पूर्वी एकमताचा रिवाज होता. न पटणाऱ्याने निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जायचं, की झालं एकमत! 2005 मध्ये टपाल खासगीकरणासाठी पंतप्रधान कोइझुमींच्या काळात तो रिवाज मोडला. वरिष्ठ सभागृहाने विधेयक फेटाळताच त्यांनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं, विधेयकाला विरोध करणाऱ्या पक्षातल्या बंडखोरांची तिकिटं कापली आणि तेव्हाच्या 480 पैकी 296 जागा जिंकल्या. जुन्या पद्धतीत असा बंडखोर चौथ्या-पाचव्या क्रमांकावरही खासदार झाला असता.

तरी काही बंडखोर निवडून आलेच, कारण नावाचं वजन संपलं नव्हतं. जपानी मतदार आजही उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर लिहितो. छापील नावापुढे खूण करण्याची 1994 ची तरतूद वापरात येण्याआधीच रद्द झाली. म्हणून पोस्टरवर अवघड नावं सोप्या हिरागाना लिपीत लिहितात. घरोघरी पाठ असलेलं आडनाव मुलाला आयतं मिळतं, ते वेगळंच.

2023 मध्ये पक्षातल्या गटांच्या निधिमेळाव्यांतला हिशेबाबाहेरचा पैसा उघड झाला; पुढच्या वर्षी बरेच गट विसर्जित झाले आणि सत्ताधारी आघाडीने बहुमतही गमावलं. सुधारणेनंतर तीस वर्षं गट टिकले कसे? निवडून यायला त्यांची गरज कमी झाली होती. पक्षाध्यक्ष ठरवायला आणि मंत्रिपदं वाटून घ्यायला मात्र ते लागतच होते. त्या व्यवहाराला 1994 च्या कायद्याने हात लावलाच नव्हता.