कुंडीतल्या संत्र्याबद्दल

वरुड,
आषाढ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

कुंडीचा फोटो मिळाला. पानं छान तकतकीत आहेत, तेवढं पाणी मात्र कमी कर. माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा घालू नकोस. आता तुझा प्रश्न. शेजारचे काका म्हणतात की बियांच्या झाडाला जातिवंत फळ येत नाही, तेव्हा ही रोपं उपटून कलम आणावं का?

काका सांगतात तो नियम हापूसचा. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही परागसिंचनातून झालेला, म्हणून कोय लावून हापूस मिळेल याचा भरवसा नाही. आपल्या नागपुरी संत्र्याच्या बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात. एखादा परागसिंचनातून होतो, बाकीचे थेट आईच्या पेशींतून. ते हुबेहूब आईवर जातात. तू पेरल्या त्यांतल्या एखाद्या बीतून दोन-तीन अंकुर निघालेले दिसले असतील, ते यामुळेच. फोटोतलं उजवीकडचं खुरटं रोप बहुतेक संकराचं असावं. रोपवाटिकेत असली वेगळी दिसणारी रोपं आम्ही बिनदिक्कत उपटतो. संशोधकाला मात्र नेमकी तीच हवी असतात. पंजाबात पिकतो तो किन्नो असाच जन्मला: कॅलिफोर्नियात फ्रॉस्ट नावाच्या संशोधकाने 1915 साली दोन जातींचा संकर केला आणि 1935 साली ते फळ बाहेर आलं.

तर तुझी उरलेली रोपं जातीची असण्याची शक्यता भरपूर आहे. तरीही वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत सगळे कलमंच लावतात. फळाच्या जातीहून त्यामागे झाडाच्या वयाचा आणि मुळांचा विचार जास्त आहे.

बियांच्या झाडाला बाळपण काढावं लागतं, आणि संत्र्याचं बाळपण फार लांब. या काळात झाड नुसतं उंच जातं, अंगभर काटे काढतं आणि फुलाचं नाव घेत नाही. जमिनीतल्या झाडाचीसुद्धा सात-आठ वर्षं सहज जातात, कधी जास्तही. तुझ्या बाल्कनीतल्या कुंडीत, जिथे मुळांना पाय पसरायला जागा नाही, तिथे किती लागतील ते विचारू नकोस. कलमाला बाळपण नसतं. डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, घेतला जातो फळणाऱ्या झाडावरून, आणि तो डोळा वयात आलेलाच असतो. कोवळ्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, बसवला तरी आपलं वय विसरत नाही. म्हणून कलम चौथ्या-पाचव्या वर्षी धरण्याजोगा बहार देतं. यातली आणखी एक गंमत ऐक. बियांचं झाड पुढे फळायला लागतं, पण त्याचा खालचा काटेरी भाग लहानच राहतो आणि शेंडा मोठा होतो. त्या बुंध्याजवळच्या फुटीवरून डोळा घेतला, तर नवं झाड पुन्हा बाळपणापासून सुरुवात करतं. आमच्याकडे डोळकाडी निवडताना आधी काटे बघतात ते उगीच नाही.

पण बियांची बाग होतच नाही असं समजू नकोस. मेघालयातलं खासी संत्रं आणि कुर्गचं संत्रं परंपरेने बियांवरच लावलं गेलं. अशी झाडं उंच होतात, उशिरा फळतात आणि दीर्घकाळ जगतात. शिवाय झाडाचे बहुतेक विषाणू बीतून पुढे जात नाहीत, डोळ्यातून मात्र खुशाल जातात. रोगट झाडावरची एक डोळकाडी किती वावरं बिघडवू शकते, याचा अंदाज तुला आला असेल.

दुसरी गोष्ट मुळांची. आणि इथे तुझा ‘बी की कलम’ हा प्रश्नच जरा मोडतो, कारण प्रत्येक कलमाच्या खाली एक बियांचं झाड उभं असतं. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत आधी जंभेरीचं किंवा रंगपूर लिंबाचं बी गादीवाफ्यावर पडतं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. जंभेरी जोमदार, झाड झटपट वाढवते. रंगपूर चुनखडीला आणि खारेपणाला जास्त सोसतो. आपल्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत डिंक्या आणि मूळकूज या रोगांनी बागाच्या बागा बसल्या आहेत, म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा आणि माती त्याला कधीच लागायला नको. कलम घेताना लोक वरची हिरवीगार पानं बघून भुलतात. तू खाली वाकून बघ: जोड कुठे आहे, खुंट कसला आहे, त्याला फुटवे आलेत का. विक्रेत्याला खुंटाचं नाव सांगता आलं नाही, तर पैसे परत पर्समध्ये ठेव.

खुंटाचे फुटवे दिसतील तेव्हा लगेच खुडायचे. शहरात अशी किती तरी ‘संत्र्याची’ झाडं असतात, ज्यांचा डोळा कधीच मेला आणि जंभेरी डौलात वाढली. घरची मंडळी भक्तिभावाने पाणी घालतात आणि शेवटी पिवळी, खडबडीत, आंबट फळं येतात. मग दोष हवामानाला!

कागदी लिंबाचं मात्र उलटं आहे. ते आपल्याकडे बियांवरूनच लावतात. त्याच्याही बीत अनेक गर्भ असतात, रोप आईवर जातं आणि चार-पाच वर्षांत फळू लागतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती, परभणीकडची प्रमालिनी किंवा विक्रम, यांपैकी कुणाची बियांची रोपं मिळाली तर डोळे मिटून घे. बी स्वतः लावायचं असेल तर फळातून काढल्यावर धुऊन लगेच पेर. डब्यात सुकवून ठेवलेली लिंबाची किंवा संत्र्याची बी उगवत नाही म्हटलं तरी चालेल.

आता तुझ्या बाल्कनीचं. खुरटं रोप काढ, उरलेल्यांतली दोन सरळ रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत लाव. फळाची आशा धरू नकोस. पानं चुरून वास घ्यायला ती चांगली आहेत. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर ती अळी आहे. तिचं पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. एखाद-दुसरी राहू दे, जास्त झाल्या तर शेजारच्या काकांच्या कढीपत्त्यावर सोड, तिथेही त्या आनंदाने जेवतात. फळं हवी असतील तर एक कागदी लिंबू आण आणि त्याला सर्वांत जास्त ऊन असलेला कोपरा दे.

जानेवारीत चार दिवस सुट्टी काढून ये. खुंटाची साल तेव्हा नीट सुटत असली तर जंभेरीवर डोळा भरायला शिकवते. चाकू माझा आहे, पॉलिथिनच्या पट्ट्याही आहेत. नखं मात्र कापून ये.

तुझी,
आत्याआजी