ओरखडा जातो म्हणजे कुठे जातो?

धाकट्या भावाची गाडी महिनाभर आमच्या अंगणात होती. तो आणि भावजय बंगळूरला मुलीकडे निघाले होते आणि त्यांच्या पुण्याच्या सोसायटीत नेमकं पार्किंगचं खोदकाम निघालं. "दादा, साताऱ्यात राहू दे तुझ्याकडे. आठवड्यातून एकदा बाजारात चक्कर मार, नाहीतर बॅटरी उतरेल," असं सांगून त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. गडद निळी, मेटॅलिक रंगाची गाडी. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात मंडईतून परत येताना फाटकाच्या कडीचं पुढे आलेलं टोक मागच्या डाव्या दारावरून ओढलं गेलं. आवाज असा काही मोठा झाला नाही. स्टीलच्या ताटावर नख फिरवावं तेवढाच. उतरून पाहिलं तर वीतभर पांढरी रेघ.

ती रेघ चुकून झाली. पुढचं जे झालं ते चुकून झालं नाही, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

भावाला फोन करावा हे पहिल्या मिनिटात सुचलं. दुसऱ्या मिनिटात असंही सुचलं, की तो यायला अजून आठ दिवस आहेत. रेघेवरून नख फिरवून पाहिलं, फारसं अडकलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडची डबी आणली. दुपारी बायको झोपल्यावर जुन्या बनियनचा बोळा केला आणि भर उन्हात कामाला लागलो. पत्रा चांगला तापलेला. कंपाउंड लावलं की वाळायचं, वाळलं की मी आणखी जोर लावायचा. तासाभरानं खांदा भरून आला आणि रेघ दिसेनाशी झाली. गाडी आंब्याच्या सावलीत लावली आणि चहा प्यायलो. खोटं कशाला सांगू, फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरपं ऊन दारावर पडलं. वीतभर रेघेच्या जागी दोन तळहातांएवढा धुरकट पट्टा. आरशावर कोणीतरी श्वास सोडावा आणि तो श्वास पुसलाच जाऊ नये, तसा. रेघ निदान रेघ होती, कुठेही होते. हा पट्टा मात्र ओरडून सांगत होता की इथे कोणीतरी काहीतरी झाकलं आहे.

मग मेण चोपडलं. पट्टा गायब. दोनदा पाण्यानं धुतल्यावर पुन्हा हजर. तेव्हा मला भागवताच्या सहाव्या स्कंधातला परीक्षित आठवला. शुकाला तो विचारतो, की माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो, मग हे हत्तीच्या अंघोळीसारखंच नाही का? हत्ती नदीत डुंबून बाहेर येतो आणि सोंडेनं अंगावर धूळ उडवून घेतो. कुंजरशौच असा शब्द आहे त्याला. मी वर्गात हा शब्द बहुव्रीही की तत्पुरुष एवढ्यावरच सोडून देत असे.

शेवटी एका पेंटरकडे गाडी नेली. पस्तिशीतला मुलगा, डेंटिंग-पेंटिंगची टपरीवजा शेड. त्यानं दार पाहिलं, खिशातून बॅटरी काढून तिरकी धरली आणि विचारलं, "सर, कुणी घासलं?" मी म्हणालो, "मीच." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "ओरखडा गेला नाही सर. तुम्ही एकाचे हजार केलेत."

मग त्यानं समजावून दिलं. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो त्याला ही मंडळी लॅकर म्हणतात. तो असतो साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याची. तो गुळगुळीत असेल तर उजेड एका दिशेनं परत येतो आणि दारात आपलं तोंड दिसतं. त्यावर बारीक बारीक चरे असले, की प्रत्येक चरा उजेड आपापल्या दिशेला फेकतो. एकेकटा चरा डोळ्यांना दिसत नाही, सगळ्यांचा मिळून धूर दिसतो. वॉटर पेपरनं मी रेघेच्या आजूबाजूचं लॅकर खाली आणलं, पेपरचे चरे कंपाउंडनं काढले आणि कंपाउंडचे चरे तसेच राहिले. त्यांच्यानंतरचं, त्याहून बारीक पॉलिश वापरायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्यात तापलेला पत्रा, वाळलेलं कंपाउंड, सुती बनियन आणि बोटांचा जोर. बोटं चार ठिकाणी दाबतात, तळवा दाबत नाही, म्हणून पट्ट्यातही पट्टे. मेणानं चरे भरले गेले होते इतकंच.

"म्हणजे ओरखडा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" मी विचारलं.

"काढायचं काहीच नसतं सर. खड्ड्याला काढणार कसं? आजूबाजूची जमीन खाली आणायची."

चौतीस वर्षं मी कॉलेजात आठल्ये-बोडसांची तर्कसंग्रहाची प्रत घेऊन न्यायशास्त्रातले अभावाचे चार प्रकार शिकवले. प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव, अन्योन्याभाव. घडा बनायच्या आधी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. याला सुरुवात आहे, शेवट नाही. दर वर्षी कोणीतरी हुशार मुलगी विचारायची, की सर, शेवट का नाही? आणि मी सांगायचो, की ध्वंसाचाच ध्वंस झाला असं म्हटलं, तर तोच घडा पुन्हा उभा राहायला हवा. कुंभार दुसरा घडा करील. तोच घडा नव्हे. उत्तर बरोबर होतं. पण ते मला हाताला कधी लागलं नव्हतं.

ओरखडा ही वस्तू नव्हेच. तो लॅकरचा ध्वंस आहे. मी तासभर जो पुसत होतो तो अभाव होता, आणि नैयायिकांच्या हिशेबानं तो जगाच्या अंतापर्यंत पुसला जाणार नाही. माझ्या हातून झालं ते एवढंच, की त्याच्या शेजारी आणखी ध्वंस करून मी तो लपवला. (पेंटर नैयायिक नसून प्राभाकर मीमांसक निघाला, हे जाता जाता. प्राभाकर अभाव हा वेगळा पदार्थ मानत नाहीत. जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे, बस. खड्डा वगैरे काही नसतो, कमीजास्त जमीन असते, असंच याचंही म्हणणं. व्यवहारात प्राभाकरांचं काम लवकर होतं.)

त्याच्याकडे जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवणारं. दाराच्या चांगल्या भागावर 121 मायक्रॉन आला. खालचा प्रायमर, रंग, लॅकर सगळं धरून. माझ्या पट्ट्यावर 112. नऊ मायक्रॉन. लॅकर पंचेचाळीस धरलं तर त्याचा पाचवा हिस्सा मी एका दुपारी बनियनवर उतरवला होता. उन्हापासून खालच्या रंगाची राखण तेच करतं. "अजून जोर लावला असता तर निळा रंग फडक्यावर आला असता," तो म्हणाला. "मग अख्खं दार रंगवायचं."

घरी येऊन काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड काढला. 1953 सालचा, पातक आणि प्रायश्चित्ताची प्रकरणं त्यात आहेत. मला एक जुना वाद पुन्हा पाहायचा होता. गौतमाच्या धर्मसूत्रात तो सरळच मांडलेला आहे. प्रायश्चित्त करावं की करू नये? एक पक्ष म्हणतो, करू नये, कारण केलेलं कर्म काही झिजून जात नाही. दुसरा म्हणतो, करावं, आणि आधार म्हणून श्रुतीतली विधानं पुढे करतो. सूत्रकाराचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण त्यानं पहिला पक्ष खोडून न टाकता नोंदवून ठेवला याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. कारण पहिला पक्ष खरा आहे. 112 हा आकडा त्याच्या बाजूनं आहे.

मग करायचं कशासाठी? इथे मला विज्ञानेश्वर जवळचा वाटतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा. याज्ञवल्क्यानं म्हटलं आहे, की अजाणता झालेलं पाप प्रायश्चित्तानं जातं. जाणूनबुजून केलं असेल तर प्रायश्चित्तानं माणूस व्यवहार्य होतो. विज्ञानेश्वर त्यावर सांगतो, की पापाच्या शक्ती दोन. एक नरकाला नेणारी, दुसरी लोकांशी व्यवहार तोडणारी. पहिली न गेली तरी दुसरी जाऊ शकते. म्हणजे प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाच्या पंक्तीला बसावं, त्याच्याशी देणंघेणं करावं. आत काय उरलं ते त्याचं त्याच्यापाशी.

शिकवताना मला ही तडजोड वाटायची. शास्त्र्यांनी काढलेली पळवाट. आता वाटतं, एवढाच दावा प्रामाणिकपणे करता येतो. झालेलं न झालेलं करता येत नाही. पुन्हा पंगतीला बसण्याजोगं करता येतं. आणि तेही फुकट नाही, थोडं लॅकर देऊन. शिवाय किती वेळा करता येईल यालाही मर्यादा आहे, हे हत्तीनं लक्षात ठेवलेलं बरं. माझ्या आईला हे पटलं नसतं. ती वारकरी घरातली. एकदा नाम घेतलं की सगळं जळून जातं, राख पण उरत नाही, असं ती म्हणायची, आणि तिच्या तोंडून ते खोटं वाटत नसे. मला ते जमत नाही, त्याला काय करू?

काणे प्रायश्चित्ताची अंगं सांगतात त्यात जप, तप, दान, उपवास सगळं आहे. पण त्यात पाप बोलून दाखवणं आणि अनुताप हेही आहेत. मनूही तेच म्हणतो. मी पुस्तक मिटलं. माझा ओरखडा अजाणता होता, त्याला एक फोन पुरला असता. धुरकटपणा जाणता होता. दुपारी, बायको झोपल्यावर, केलेला.

त्याच रात्री भावाला फोन केला. सगळं सांगितलं, बनियनसकट. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं. कडी काढून टाक ती." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेंटरनं दार सावलीत गार होऊ दिलं. धुतलं, मग अल्कोहोल-पाण्यानं पुसून माझ्या मेणाचा शेवटचा अंश काढला. "आता खरं तोंड दिसेल," तो म्हणाला, आणि पट्टा आणखीच पांढरा दिसला. दाराच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला थर सगळ्यात पातळ असतो. पट्ट्याच्या मधोमधही एक उभी पट्टी लावली. अर्धा भाग त्यानं मऊ फोम लावलेल्या, स्वतःभोवती फिरता फिरता डुगडुगणाऱ्या मशीननं केला. अर्धा म्हणाला तुम्ही करा. माझ्या हातात चपटा फोमचा तुकडा दिला, त्यावर वाटाण्याएवढे तीन थेंब बारीक पॉलिश.

"जोर नाही लावायचा सर. बोटं नाही, तळवा. गोल नाही, आधी आडवं, मग उभं. पॉलिश स्वतःच फुटत बारीक होत जातं, त्याला वेळ द्या."

मी पहिल्याच फेरीला जोर लावला. त्यानं न बोलता माझं मनगट उचललं. दुसऱ्यांदा बरं जमलं. थर पांढरा होता तो हळूहळू तेलकट, मग जवळजवळ पारदर्शक झाला, तेव्हा तो म्हणाला, पुसा. स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसलं, पुन्हा थेंब, पुन्हा पुसलं. चौथ्या फेरीला दारात माझा चष्मा दिसला. पट्टी काढल्यावर मशीनची बाजू किंचित उजवी होती, पण बॅटरी धरल्याशिवाय कळलं नसतं.

मध्यावर, रेघ जिथे सर्वांत खोल गेली होती तिथे, गव्हाच्या दाण्याएवढी एक फिकी खूण मात्र राहिली. मी बोट ठेवलं.

"ती राहू द्या," तो म्हणाला. "तिच्यापर्यंत जायचं तर लॅकर उरायचं नाही."

रविवारी भाऊ आला. चहा झाला, बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल बोलून झालं, नातीचे व्हिडिओ पाहून झाले. मी त्याला अंगणात नेऊन तो दाणा दाखवला. त्यानं वाकून पाहिलं, नखानं खरवडलं, आणि फाटकाकडे गेला. कडी मी अजून काढली नव्हती, सुतार येतो म्हणून आला नव्हता. त्यानं कडीचं टोक मुठीत धरून फाटक भिंतीला टेकवलं आणि दुसऱ्या हातानं खिशातली किल्ली माझ्याकडे टाकली.

"तूच काढ बाहेर. मी धरतो इथे."

मी आरसे नीट केले आणि गाडी रिव्हर्सला टाकली.