उंबरठा आणि स्वावलंबन

घर माणसासाठीं कीं माणूस घरासाठीं, हा प्रश्न ऐकावयास सोपा आहे. परंतु ज्याचे गुडघे थकले, दृष्टि मंदावली आणि घरांत सोबतीला दुसरें कोणी उरलें नाहीं, त्याला तो रोज नव्यानें सोडवावा लागतो. भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्याच्या कोंढा गांवाचेंच उदाहरण घ्या. भाताच्या या मुलखांत जुनें कौलारू घर म्हटलें म्हणजे पावसाच्या भयानें उंच घेतलेलें जोतें, दाराशीं उंबरठा, आणि संडास असलाच तर मागच्या अंगणाच्या टोकाला, अशी मांडणी पुष्कळदां आढळते. मुलें नोकरीसाठीं नागपूर-पुण्यास जातात, जोडीदार निवर्ततो, आणि ज्या घरानें जन्मभर आसरा दिला तेंच उतारवयांत पावलोपावलीं अडवूं लागतें. असें कां व्हावें?

घर तेंच आहे, माणूस बदलला, हें याचें रूढ उत्तर. तें अर्धेंच खरें आहे. पायरीची उंची कांहीं सृष्टिनियमानें ठरलेली नाहीं; ती कोणा धडधाकट गवंड्यानें धडधाकट यजमानाच्या पायाला बेतून बांधली. म्हणजे घर मुळांतच एका विशिष्ट शरीराच्या सोयीसाठीं घडलेलें असतें. तरुणाच्या सोयीला आपण घर म्हणतों आणि वृद्धाच्या सोयीला उपकार म्हणतों. हा विवेक नव्हे, ही संवय आहे.

यावर कोणी म्हणेल, “दांडे आणि उतार हवेत कशाला? मुलांनीं सेवा करावी.” पुत्रधर्म आम्हांस अमान्य नाहीं, २००७ च्या कायद्यानें तर आईबापांचा निर्वाह हें मुलांचें कायदेशीर कर्तव्यच ठरविलें आहे. परंतु निर्वाह आणि स्वातंत्र्य या दोन भिन्न वस्तु आहेत. ज्याला रात्रीं उठण्यासाठीं दुसऱ्यास हांक मारावी लागते, तो पुष्कळदां संध्याकाळपासून पाणीच कमी पितो. लाज राखण्यासाठीं मनुष्य तहान मारतो! अशा वेळीं भिंतींतील साधा दांडा जें देतो, तें प्रेमळांत प्रेमळ मुलालाहि देतां येत नाहीं: कोणाचें ऋण न घेतां उठण्याची मुभा.

या सुधारणेसाठीं घर पाडावें लागत नाहीं. चाकांच्या खुर्चीकरितां उतार करावयाचा तर १ फूट उंचीस १२ फूट लांबी हें मान्य प्रमाण आहे; दीड फूट जोत्याला १८ फूट लागतात, तेव्हां तो अंगणांत वळवून घ्यावा लागतो. परंतु अनेकांचें काम त्यापूर्वींच भागतें. उंबरठा काढावा, मोरीची फरशी खरबरीत करावी, पलंगापाशीं दिव्याचें बटण आणावें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ मध्यें मुख्यमंत्री वयोश्री योजनेंत पात्र वृद्धांस साहाय्यक साधनांसाठीं ३,००० रुपये ठरविले. तेवढ्यांत कमोडची खुर्ची येईल, परंतु उंबरठा कुटुंबालाच काढावा लागेल.

एक धोका मात्र खरा आहे. दांडा बसविला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें मुलांस वाटूं शकतें. दांडा आधार देतो, पण रात्रीं झोंप लागली कीं नाहीं हें विचारीत नाहीं. उलट, उचलण्या-बसविण्याचें ओझें उतरलें म्हणजे भेटीला बोलण्याची सवड मिळते; तिचा उपयोग व्हावा.

आणि सर्वांआधीं त्या वृद्धास विचारावें. त्याला न पुसतां पुण्याहून आलेला मुलगा दोन दिवसांत घर उलथेंपालथें करून गेला, तर सोय वाढेल, पण घर त्याचें राहणार नाहीं. दांडा कोठें हवा हें हाताला कळतें, आणि तो हात त्याचा आहे.