कुंपण आणि शेजारी

भूमीचे रक्षण आणि शेजाऱ्यावरील प्रीती ही दोन्ही कर्तव्ये ख्रिस्ती माणसाला सारखीच बंधनकारक आहेत. पण ती एकमेकांसमोर उभी ठाकली तर? वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही.

१९८९ च्या सुमारास दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी लढा उभा राहिला. टँकर विहिरी उपसत होते, पाणी खारट होत चालले होते आणि केळी-पानवेलींच्या वाड्यांवर इमारतींची सावली पडू लागली होती. तेव्हा आपण दिलेला नकार न्याय्य होता; कारण विहीर वाचली तर ती सर्वांसाठीच वाचणार होती. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा पाण्याच्या वाटा बुजवल्याचे मोल जुन्या-नव्या रहिवाशांनी सारखेच मोजले.

परंतु त्या नकाराच्या आडोशाने आपल्या मनात दुसरेच काही वाढते आहे काय? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. ही माणसे वैरी म्हणून आली नाहीत. मुंबईतील घरांच्या किमतींनी त्यांतील अनेकांना खाडीपलीकडे लोटले. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणताना आपण विसरतो, की विकल्या गेलेल्या जमिनींतील काही आपल्याच होत्या. आणि पोटासाठी आखातात गेलेली आपली मुलेही तिथे बाहेरचीच ठरतात.

थोडा व्यवहारही पाहावा. स्टेशनाजवळच्या रीतसर, पाण्या-गटाराची सोय असलेल्या उंच इमारतीला आपण विरोध केला, म्हणून घर शोधणारा माणूस नाहीसा होत नाही. तो पाणथळीवरच्या बेकायदा चाळीत आसरा घेतो. म्हणजे योग्य ठिकाणी दाटीने राहू देणे हाही वाडी वाचवण्याचाच एक मार्ग आहे. रस्त्याचेही तसेच. एके काळी आपलीच माणसे सायकलवरून स्टेशन गाठीत. आज सायकलस्वारांसाठी रस्त्याच्या कडेची पट्टी राखावी असे कुणी सुचवले, तर आपल्या ओठांवर पहिला प्रश्न येतो : मग आमची गाडी कुठे लावायची? येथे आपण भूमी राखीत नाही, सोय राखतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात घरांची टंचाई आणि खाजगी मोटारींनी कोंडलेली शहरे यांचा विचार सृष्टीच्या रक्षणाबरोबरच केला, तो उगाच नव्हे.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात भूमी परमेश्वराची म्हटली आहे; आपण तिच्यावरचे उपरेच. आणि ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने शेजाराची हद्द आखून दिली नाही. त्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली.

म्हणून पुढच्या निवेदनावर सही करण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारावे : या नकाराने विहीर वाचणार आहे, की केवळ माझे कुंपण? विहीर वाचणार असेल, तर निर्भयपणे सही करावी. आणि ती वाचवण्यासाठी नव्या शेजाऱ्यालाही हाक मारावी. तहान त्यालाही लागते.